एकाच कंपनीच्या दोन गाड्या, तोच एडास, मग वागणं इतकं वेगळं का?

घोडबंदरी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. या आठवड्यात जे घडलं त्यानंतर गप्प बसवेना, म्हणून पहिलाच धागा काढतोय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी कासारवडवलीला राहतो, ऑफिस महाप्याला. माझ्याकडे तीन वर्षांपासून मध्यम आकाराची एसयूव्ही आहे, लेव्हल २ एडासवाली (एडास म्हणजे कॅमेरा-रडारवर चालणारी चालक-सहाय्य प्रणाली). धाकटा भाऊ नेरूळला असतो, त्याच्याकडे त्याच कंपनीची सेडान. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण चर्चा त्या नावाभोवतीच फिरत राहील. दोन्ही गाड्यांच्या माहितीपत्रकातली एडासची यादी जवळजवळ शब्दशः सारखी आहे. अ‍ॅडाप्टिव्ह क्रूझ (पुढच्या गाडीपासून अंतर राखत वेग आपोआप कमी-जास्त करणारं), लेन कीप असिस्ट (गाडी लेनमध्ये धरून ठेवणारं), आपत्कालीन ब्रेक, सगळं.

गेल्या आठवड्यात आईला चिपळूणला सोडायचं होतं. सामान भरपूर, म्हणून भाऊ माझी एसयूव्ही घेऊन गेला आणि मी त्याची सेडान वापरली. सोमवारी सकाळी कोपरी, मुलुंड, ऐरोली पूल असा नेहमीचा रस्ता धरला. क्रूझ लावलेलं होतं. जुन्या टोलनाक्याच्या अलीकडे गाड्या मंदावल्या. माझी एसयूव्ही अशा वेळी पुढच्या गाडीमागे अलगद थांबते आणि थांबूनही राहते. तीन वर्षं रोज हेच पाहिलंय, त्यामुळे माझा उजवा पाय ब्रेकपासून लांब, निवांत होता.

सेडानने साधारण ३० च्या खाली आल्यावर एक बारीक टिंग केलं, पडद्यावर संदेश दाखवला आणि क्रूझ सोडून दिलं. गाडी पुढे सरकतच राहिली. आपत्कालीन इशाऱ्याचा लाल दिवा आणि माझा पाय दोन्ही एकदमच आले. पुढच्या टेम्पोच्या फळीपासून हातभर अंतरावर थांबलो. मागे बाईकवाला होता, तोही कसाबसा थांबला. चूक माझी आहे, त्यात मला शंका नाही. मॅन्युअलमध्ये ते लिहिलेलं आहे, नंतर शोधून वाचलं. पण एका गाडीवर बसलेला विश्वास मी न तपासता दुसऱ्या गाडीवर टाकला, हे मला अजून बोचतंय.

याउलट पाम बीचवर किल्ला जंक्शनच्या अलीकडच्या वळणात माझी एसयूव्ही अर्ध्यात लेन सोडते आणि स्टीअरिंग माझ्या हाती देते. सेडानने तेच वळण त्याच वेगात शेवटपर्यंत धरलं. म्हणजे एक चांगली, एक वाईट असंही नाही.

सॉफ्टवेअर एकच असेल तर हे असं का होतं? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

सीवूड्सकर

थोडक्यात वाचलात. आमच्या घरीही दोन गाड्या, एक ऑटोमॅटिक आणि एक मॅन्युअल गिअरची. मॅन्युअलमध्ये थांबून पुन्हा निघणं हा प्रकारच नाही, कारण क्लच कोण दाबणार? सेल्समनने मात्र दोन्हीसाठी "एडास आहे" एवढंच सांगितलं होतं.

कंट्रोलवाली

घोडबंदरी, तुम्ही हे इतक्या मोकळेपणाने लिहिलंत त्याबद्दल आभार. मी वाशीला राहते आणि गाड्यांच्या ब्रेक-स्टीअरिंगच्या नियंत्रणावर काम करते. तुमच्या दोन्ही अनुभवांची उत्तरं बहुधा सॉफ्टवेअरच्या बाहेर आहेत.

आधी ब्रेक. भावाच्या सेडानला हाताने ओढायचा हँडब्रेक आहे का? असेल तर बरंचसं कोडं तिथेच सुटतं. क्रूझ गाडी थांबवतं तेव्हा अनेक गाड्यांत ब्रेकचा दाब ईएससीचा (गाडी घसरू नये म्हणून असलेल्या प्रणालीचा) पंप तयार करतो. तो पंप मिनिटभर दाब धरून ठेवायला बनवलेला नसतो. गाडी थांबवून तशीच ठेवायची तर काही क्षणांनी ते काम विजेवर चालणाऱ्या पार्किंग ब्रेककडे सोपवावं लागतं. तो ब्रेकच नसेल, तर कंपनी एक किमान वेग ठरवते आणि त्याखाली सगळं चालकाच्या हवाली करते. कॅमेऱ्याला टेम्पो दिसत होता, संगणकालाही कळत होतं. गाडी धरून ठेवणारा हात नव्हता.

आता स्टीअरिंग. लेन धरणारं सॉफ्टवेअर स्टीअरिंगच्या विजेच्या मोटरला सांगतं, इतका जोर लाव. त्या जोराला वरची मर्यादा असते आणि ती हवीच, कारण चालकाने मनात आणलं तर त्याला सहज मात करता आली पाहिजे. पण तेवढ्याच जोरात हलक्या सेडानची बारीक टायरं जितकी वळतील, तितकी जड नाकाच्या एसयूव्हीची रुंद टायरं वळणार नाहीत. वळण घट्ट होत गेलं की एसयूव्हीत मर्यादा आधी गाठली जाते. मग सॉफ्टवेअरला दिसतं की गाडी हव्या त्या रेषेवर येत नाहीये, आणि ते सोडून देतं. तुमची एसयूव्ही बहुधा हेच करते.

याशिवाय वळणात बाजूला खेचणाऱ्या प्रवेगालाच मर्यादा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या स्टीअरिंगविषयीच्या नियमात, क्रमांक ७९ मध्ये, प्रवासी गाड्यांच्या लेन धरण्याला ३ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढी कमाल मर्यादा आहे. गणित करून बघा. १०० मीटर त्रिज्येचं वळण ताशी ६० ने घेतलं तर हा प्रवेग साधारण २.८ येतो, म्हणजे काठावरच. कंपन्या आपापल्या मॉडेलसाठी याहूनही कमी आकडा ठेवतात. उंच गाडी जास्त कलते, आतल्यांना भीती वाटते, म्हणून तिच्यासाठी आणखी हात आखडता.

तिसरी गोष्ट विलंबाची. आज्ञा दिल्यापासून चाक खरोखर वळेपर्यंत जो वेळ जातो तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा. ०.२ सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण ताशी ८० ला तेवढ्यात गाडी साडेचार मीटर पुढे गेलेली असते. हा विलंब चुकीचा धरला तर गाडी लेनमध्ये डावी-उजवी डुलत राहते.

ज्यांना हे डोळ्यांनी पाहायचंय त्यांनी ओपनपायलट नावाचं, वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांवर चालणारं चालक-सहाय्याचं सॉफ्टवेअर बघावं. जॉर्ज हॉट्झ यांच्या कॉमा कंपनीने ते २०१६ च्या अखेरीस सर्वांसाठी खुलं केलं. रस्ता पाहणारं मॉडेल सगळ्या गाड्यांना एकच. पण प्रत्येक गाडीची वेगळी नोंद ठेवावी लागते: वजन, दोन आसांतलं अंतर, स्टीअरिंगचं गुणोत्तर, स्टीअरिंगचा विलंब. एवढं करूनही काही गाड्या ठरावीक वेगाखाली बाहेरून आलेली स्टीअरिंगची आज्ञा स्वीकारतच नाहीत, तिथे सॉफ्टवेअरचा नाइलाज होतो.

घोडबंदरी

ताई, भावाला लगेच फोन केला. हो, हँडब्रेक हाताने ओढायचाच आहे. माझ्या गाडीत बटण आहे. तीन वर्षं ते बटण म्हणजे फक्त सोय वाटत होती.

कळवेकर

माहितीपूर्ण धागा. पण मला वाटतं हे सगळे सुरुवातीचे प्रश्न आहेत. फोनसारखं गाड्यांचं सॉफ्टवेअरही घरबसल्या अपडेट होऊ लागलंय. दोन-तीन वर्षांत मॉडेलमॉडेलमधला फरक उरणार नाही. सॉफ्टवेअर शिकत जातं.

पारसिक

कळवेकर, इथे मी असहमत. जिथे हे सगळ्यात पुढे गेलंय तिथलंच उदाहरण घ्या. बहीण अमेरिकेत फ्रीमाँटला राहते, टेस्लाचा कारखाना तिथेच आहे, त्यामुळे टेस्लाच्या बातम्या मी बारकाईने वाचतो. २०१९ पासून त्यांच्या गाड्यांत हार्डवेअर ३ (गाडी चालवणारा संगणक आणि कॅमेरे यांचा संच) आलं, कॅमेरे साधारण १.२ मेगापिक्सेलचे. २०२३ पासून हार्डवेअर ४ आलं, कॅमेरे साधारण ५ मेगापिक्सेलचे आणि संगणक बराच ताकदवान. एफएसडीची ("फुल सेल्फ-ड्रायव्हिंग" या त्यांच्या सॉफ्टवेअरची) १३वी आवृत्ती २०२४ च्या अखेरीस आली ती हार्डवेअर ४ साठी. जुन्या गाड्या १२व्या मालिकेतच राहिल्या, कारण तेवढं मोठं मॉडेल त्या संगणकात मावत नव्हतं. जानेवारी २०२५ मध्ये इलॉन मस्क यांनी स्वतः मान्य केलं, की ज्यांनी एफएसडी विकत घेतलंय त्यांच्या जुन्या गाड्यांचा संगणक बदलून द्यावा लागेल.

सायबरट्रकचं तर आणखी बोलकं आहे. त्याचं वाटप नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी सुरू झालं, पण एफएसडी त्यात यायला सप्टेंबर २०२४ ची अखेर उजाडली. कंपनी तीच, सॉफ्टवेअरची टीम तीच. पण त्या गाडीत स्टीअरिंग आणि चाकं यांच्यात यांत्रिक दांडाच नाही, मागची चाकंही वळतात, कॅमेरे वेगळ्या उंचीवर. एका मॉडेलवर जमलेलं दुसऱ्यावर नेताना दहा महिने गेले.

चालकाविना टॅक्सी चालवणाऱ्या वेमोचंही पाहा. जॅग्वार आय-पेसवरच्या त्यांच्या प्रणालीच्या पाचव्या पिढीत २९ कॅमेरे आणि ५ लायडार (लेझरने अंतर मोजणारे सेन्सर) होते. सहाव्या पिढीत १३ कॅमेरे आणि ४ लायडार. नवी गाडी घेतली की ते नुसतं सॉफ्टवेअर टाकून रस्त्यावर सोडत नाहीत, महिनोन्‌महिने माणूस बसवून चालवतात.

आपल्याकडे टेस्लाचं दालन जुलै २०२५ मध्ये बीकेसीत उघडलं आणि मॉडेल वाय सोबत ६ लाखांना एफएसडीचा पर्याय ठेवला. पैसे भरताना हे ध्यानात ठेवावं, की उद्घाटनावेळी ती सोय भारतातल्या रस्त्यांवर सुरू नव्हती. अमेरिकेतले व्हिडिओ पाहून ठाण्यातल्या गाडीची अपेक्षा ठरवू नये.

कळवेकर

सायबरट्रकचं माहीत नव्हतं. माझा मुद्दा थोडा मागे घेतो. अपडेटने सुधारणा होते, पण अपडेटने कॅमेरा बदलत नाही, हे पटलं.

मीनल_खारघर

मला वेगळी गोष्ट सांगायची आहे. एकाच मॉडेलच्या, अगदी एकाच गाडीच्या आधीच्या आणि नंतरच्या वागण्यातही फरक पडतो.

मार्चमध्ये सायन-पनवेल हायवेवर डंपरमधून खडी उडाली आणि पुढच्या काचेला तडा गेला. विम्यातून काच बदलून घेतली. गॅरेजचं नाव देत नाही. काच छान बसवली, पाणी गळत नव्हतं, मी खूश. दुसऱ्या दिवशीपासून गाडी लेनमध्ये डाव्या पट्ट्याला चिकटून चालायला लागली. अटल सेतूवर ताशी ९० ला क्रूझवर असताना गाडी सतत कठड्याच्या बाजूला झुकत होती आणि मी तिला ओढून परत आणत होते. मुलगी मागे झोपलेली. शेवटी सगळं बंद करून २१.८ किलोमीटरमधलं उरलेलं अंतर हाताने चालवलं. इतकी वर्षं हातानेच चालवत होते, तरी त्या दिवशी हात थरथरत होते.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेल्यावर कळलं, की काच काढली की आरशामागचा कॅमेरा पुन्हा जुळवावा लागतो. गाडीसमोर ठरावीक अंतरावर ठरावीक उंचीचा नक्षीचा फलक उभा करून. पहिल्या गॅरेजमध्ये हे कुणी बोललंच नाही. बिलात तशी ओळच नव्हती, आणि मलाही विचारायचं सुचलं नाही.

कंट्रोलवाली

मीनलताई, हे तुम्ही लिहिलंत ते फार लोकांच्या कामाचं आहे. कॅमेऱ्याची उंची आणि कोन किती महत्त्वाचे ते एका आकड्यात सांगते.

एकच कॅमेरा असलेली गाडी पुढच्या वाहनाचं अंतर काढायला बरेचदा हा आधार घेते, की त्याची चाकं रस्त्याला जिथे टेकली आहेत तो बिंदू क्षितिजाच्या किती खाली दिसतो. समजा कॅमेरा १.२ मीटरवर आहे, पण सॉफ्टवेअरला वाटतंय तो १.५ वर आहे, म्हणजे एसयूव्हीची नोंद सेडानमध्ये राहिली. तर ५० मीटरवरचा टेम्पो त्याला ६२ मीटरवर भासेल. उलट केलं तर ४० वर भासेल आणि गाडी उगाच ब्रेक मारेल. आता बहुतेक गाड्या चालता चालता स्वतःला थोडंफार जुळवून घेतात, आणि ज्यांना रडार आहे त्या त्याच्याशी पडताळून पाहतात. तरीही मूळ जुळणी नीट हवीच.

म्हणून मागे पाच माणसं आणि डिकीत गणपतीचं सामान भरून कोकणात जाताना गाडीचं नाक वर उचललं जातं, तेव्हा हीच गाडी थोडी वेगळी वागू शकते.

ऐरोलीचा राजू

रडारवरून आठवलं. गेल्या दसऱ्याला गाडीची पूजा केली आणि आईने झेंडूचा जाड हार पुढच्या जाळीवर, बरोबर लोगोवर बांधला. आमच्या गाडीत रडार लोगोमागेच आहे. ठाणे-बेलापूर रस्त्याला लागलो तर पडद्यावर "सेन्सर झाकला गेला आहे", क्रूझ बंद. आईला वाईट वाटू नये म्हणून हार काढला नाही, आरशाखाली आत लावला. भावाच्या दुसऱ्या कंपनीच्या गाडीला तसाच हार होता, तिला काहीच झालं नाही. तिचं रडार खाली बंपरमध्ये आहे.

सीवूड्सकर

राजू, हे अगदी खरं. लोक बंपरवर जाड फिल्म चढवतात, मोठी टायरं बसवतात, पुढे लोखंडी गार्ड लावतात. मग म्हणतात एडास बेकार आहे.

एक प्रश्न. "लेव्हल २" लिहिलेल्या सगळ्या गाड्यांत निदान सेन्सर तरी सारखे असतात का?

पारसिक

नाही. २०२२ मध्ये आलेल्या होंडा सिटी हायब्रिडमध्ये पुढे एकच कॅमेरा, रडार नाही. २०२३ च्या किया सेल्टॉसमध्ये एक कॅमेरा आणि तीन रडार. चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ च्या वरच्या प्रकारात एक कॅमेरा आणि पाच रडार. तिन्हींना लेव्हल २ च म्हणतात. कारण लेव्हल हा आकडा सेन्सरची मोजदाद करतच नाही. एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेच्या व्याख्येत लेव्हल २ चा अर्थ एवढाच, की गाडी स्टीअरिंग आणि वेग दोन्ही एकत्र सांभाळू शकते, पण लक्ष ठेवण्याची जबाबदारी पूर्णपणे चालकाची. कोण किती बरं सांभाळतं, याबद्दल तो आकडा काहीच बोलत नाही.

नौपाड्याचे काका

मंडळी, मला यातलं कॅमेरा-रडार कळत नाही. मी एसटीत ३१ वर्षं चालक होतो, त्यातली बरीच खोपटला. तुमचं वाचून एक सांगावंसं वाटलं.

आम्हाला रोज तीच बस मिळायची नाही. एकाच वर्षी आलेल्या, एकाच बांधणीच्या दोन बसमध्ये एकीचा ब्रेक वर धरायचा, दुसरीचा पार खाली गेल्यावर. एकीचं स्टीअरिंग डावीकडे ओढायचं. म्हणून डेपोच्या फाटकातून बाहेर पडायच्या आधी, आत माणसं बसलेली नसताना, दोनदा ब्रेक दाबून बघायचा आणि स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवायचं. माझ्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी शिकवलेलं. घाटात शिरल्यावर गाडीची ओळख करून घ्यायला वेळ नसतो.

घोडबंदरी, तुम्ही भावाची गाडी घेतलीत तेव्हा हे करायला हवं होतं. रागावून सांगत नाही. नातवाच्या वयाचे असाल. तो बाईकवाला वाचला, त्याचं बरं वाटलं.

घोडबंदरी

काका, तुमचा प्रतिसाद बायकोलाही वाचून दाखवला. तुम्ही सांगितलंत तेच करायचं ठरवलं.

मीनल_खारघर

काकांना नमस्कार. आणि कंट्रोलवालीताई, पावसाळ्याबद्दलही लिहा ना. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामामुळे पट्टे कितीदा सरकले आहेत. जुना पुसट पट्टा, नवा पिवळा पट्टा आणि बॅरिकेड, तिन्ही एकाच वेळी दिसतात. वर पाऊस.

कंट्रोलवाली

तिथे मी स्वतः लेन कीप बंद ठेवते, मॉडेल कुठलंही असो. दोन पट्ट्यांतला कुठला खरा हे ठरवताना प्रत्येक सॉफ्टवेअर आपापला अंदाज बांधतं. काही गाड्या शंका आली की लगेच सोडून देतात, काही पुढच्या वाहनाच्या मागे मागे जातात. पुढचा ट्रक गायमुखजवळ खड्डा चुकवायला डावीकडे गेला, तर तुमची गाडीही जाईल. त्यातल्या त्यात लगेच सोडणारी गाडी मला बरी वाटते, फक्त तिने सोडल्याचा आवाज नीट ऐकू आला पाहिजे. घोडबंदरींच्या सेडानमध्ये नेमका तोच बारीक होता. दोन गाड्यांची तुलना करताना हा आवाज कुणी तपासत नाही, आणि माझ्या मते तो सगळ्यात आधी तपासावा. गाणी चालू ठेवून, एसी पूर्ण वेगात ठेवून.

आणखी एक. अनेक प्रणाली वेगात असताना, आधीपासून थांबलेल्या वाहनाबाबत कच्च्या असतात. रडारला रस्त्याकडेचे खांब, पुलाचे भाग, कठडे यांचेही प्रतिध्वनी येतात, म्हणून स्थिर वस्तूंकडे ते बरंचसं दुर्लक्ष करायला शिकवलेलं असतं. कॅमेऱ्याने खात्री दिली तरच ब्रेक लागतो. ही खात्री कोण किती लवकर देतं ते मॉडेलवर अवलंबून आहे. एक्स्प्रेस-वेवर बंद पडून उभा राहिलेला ट्रक ही सगळ्याच गाड्यांची अवघड परीक्षा आहे, तिथे कुणाच्याही भरवशावर राहू नका.

घोडबंदरी

रविवारचा वृत्तांत. भाऊ शनिवारी रात्री चिपळूणहून परतला. रविवारी पहाटे सहाला आम्ही दोघं दोन्ही गाड्या घेऊन पाम बीचला गेलो. मागे कुणी नाही याची खात्री करून, पाय ब्रेकवर ठेवूनच सगळं केलं.

आधी आवाज. सेडानमध्ये एसी तिसऱ्यावर आणि बातम्या चालू असताना क्रूझ सोडल्याची टिंग मला ऐकू आली नाही. शेजारी बसलेल्या भावालाही नाही. सेटिंगमध्ये इशाऱ्याचा आवाज मध्यम होता, तो सर्वात मोठा केला. आता ऐकू येतो. भावाने गाडी घेतल्यापासून दोन वर्षं तो मध्यमच होता.

मग वेग. सेडानने तीनही वेळा ३० च्या आसपास सोडलं. एसयूव्ही सिग्नलला माझ्या भावाच्या मागे थांबली आणि थांबून राहिली, पण थांबून तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त वेळ गेला असेल तर तो निघाल्यावर क्रूझचं बटण दाबल्याशिवाय निघाली नाही. हेही मी तीन वर्षं नीट पाहिलं नव्हतं. आपोआप अ‍ॅक्सिलरेटर दाबत होतो.

वळणात एसयूव्ही ६० ला सुटते, ५० ला धरते. सेडान ६० ला धरते. त्याहून वेगात केलं नाही, तिथली मर्यादाच तेवढी आहे. नंतर एसयूव्हीत मागे तिघं बसवून तेच वळण घ्यायचं होतं, पण तोवर सायकलवाले यायला लागले, म्हणून थांबलो.

भावाच्या गाडीत मीटरच्या शेजारी पांढऱ्या चिकटपट्टीवर "३० खाली सोडते" असं लिहून लावलंय. माझ्या गाडीत "वळणात ५०". आईने चिपळूणहून व्हिडिओ कॉलवर विचारलं हे काय, तर भावाने तिला ऐरोलीची गोष्ट सांगितली. मी अजून सांगितली नव्हती.

मीनलताई, काच बदलल्यानंतरची जुळणी पक्की झालीय का हे बघायला तुमची गाडी पुढच्या रविवारी आणता का? सहा वाजता, वाशीच्या टोकाला. काका, तुम्हीही या. मी तुम्हाला नौपाड्यातून घेऊन जाईन.

नौपाड्याचे काका

येतो. पण तुमच्या गाडीत बसायच्या आधी ब्रेक मी बघणार.